मोटारीला ‘हळू’ म्हणायचं कसं?

‘स्पीड कंट्रोल ऑफ इंडक्शन मोटर’ हा इलेक्ट्रिकलवाल्यांचा हमखास येणारा प्रश्न. चार-पाच पद्धती लिहायच्या, एक आकृती काढायची, मार्क घ्यायचे आणि विसरून जायचं. पण साखर कारखान्यापासून मुंबईच्या लोकलपर्यंत जे जे फिरतंय, ते किती वेगाने फिरावं हे ठरवणं आता एक वेगळंच काम झालंय. आणि ते काम वहीतल्या उत्तरापेक्षा बरंच मजेशीर आहे.

हॉस्टेलच्या खोलीतल्या पंख्याकडे जरा बघा. एकवर ठेवला तर डास, पाचवर ठेवला तर नोट्स खोलीभर. म्हणून आपण तीनवर ठेवतो आणि अभ्यासाला (किंवा झोपायला) लागतो. वेग कमी-जास्त करणं इतकं सोपं! भिंतीवरची एक खुंटी फिरवायची. मग कारखान्यातल्या शंभर हॉर्सपॉवरच्या मोटारीलाही असाच एखादा भलामोठा रेग्युलेटर लावला की काम झालं, नाही का?

नाही होत. आणि का होत नाही, इथूनच सगळी गोष्ट सुरू होते.

पंख्याचा रेग्युलेटर फक्त व्होल्टेज कमी करतो. व्होल्टेज कमी झालं की मोटारीचा टॉर्क, म्हणजे फिरवायची ताकद, कमी होते, आणि तीही नुसती कमी नाही. व्होल्टेज निम्मं केलं तर टॉर्क पाव होतो. पंख्याचं निभावतं, कारण त्याच्यावरचा भारही वेगाबरोबर हलका होत जातो. हळू फिरणाऱ्या पात्याला हवा फारशी अडवत नाही. पण क्रेनच्या आकड्याला दोन टनांचा गोळा लटकलेला असेल तर तो हळू उचलला म्हणून एक टनाचा होत नाही! तिथे व्होल्टेज कमी केलं तर मोटार अडकते, करंट खेचत राहते, तापते आणि संध्याकाळपर्यंत रिवायंडिंगवाल्याच्या दुकानात पोचते.

म्हणजे भार तेवढाच ठेवून वेग कमी करायचा असेल तर दुसरंच काहीतरी बदलायला हवं. कोणतं, ते कळायला मोटारीच्या पोटात डोकवावं लागेल.

सगळा देश एका तालावर

इंडक्शन मोटार हे यंत्र इतकं साधं आहे की पहिल्यांदा समजलं की फसवल्यासारखं वाटतं. बाहेरच्या भागात, म्हणजे स्टेटरमध्ये, तीन वायंडिंग. त्यांना थ्री-फेज वीज दिली की आत एक चुंबकीय क्षेत्र गोल फिरायला लागतं. मधल्या रोटरला वायर जोडलेलीच नाही. ते फिरणारं क्षेत्रच त्याला आपल्यामागे ओढत नेतं. इटलीत गॅलिलिओ फेरारिस आणि अमेरिकेत निकोला टेस्ला या दोघांनी स्वतंत्रपणे ही कल्पना १८८८ मध्ये जगासमोर मांडली. लगेच पुढच्या वर्षी जर्मनीतल्या एईजी कंपनीत मिखाईल डोलिव्हो-डोब्रोव्होल्स्की या अभियंत्याने थ्री-फेजवर चालणारी पिंजरा रोटरची मोटार बनवली. आज तुम्ही कॉलेजच्या वर्कशॉपमध्ये बघता ती तिचीच नात-पणती. ब्रश नाहीत, ठिणगी नाही, देखभाल म्हणजे मुख्यतः बेअरिंग आणि धूळ. स्वस्त, दणकट, वर्षानुवर्षं चालणारी.

खोट एकच. तिचा वेग तिच्या हातात नाही. १२० गुणिले फ्रिक्वेन्सी भागिले पोल, हे सूत्र सगळ्यांना पाठ असतं. चार पोलची मोटार, ५० हर्ट्झ, म्हणून मिनिटाला १५०० फेऱ्या. दोन पोलची ३०००, सहा पोलची १०००. प्रत्यक्षात रोटर त्या क्षेत्राच्या जरासा मागे राहतो, त्यालाच स्लिप म्हणायचं, म्हणून नेमप्लेटवर १४४० किंवा १४६० असा आकडा दिसतो. पण पोल हे वायंडिंग करतानाच ठरलेले आणि फ्रिक्वेन्सी तर आख्ख्या देशाची एकच! २०१३ च्या अखेरीस दक्षिणेचं ग्रीड उरलेल्या ग्रीडला जोडलं गेलं, तेव्हापासून इचलकरंजीतली मोटार आणि गुवाहाटीतली मोटार एकाच तालावर फिरतात. त्या तालाला ‘जरा हळू’ असं तुमचा कारखाना सांगू शकत नाही.

मग शंभर वर्षं लोकांनी केलं काय? जुगाड केले. आणि त्यातले काही खरंच भारी होते.

लेथवर पायऱ्यापायऱ्यांची पुली आणि पट्टा, हा सगळ्यात जुना. पट्टा या पायरीवरून त्या पायरीवर सरकवला की वेग बदलला. गिअरबॉक्स हा त्याचाच जरा सभ्य भाऊ. क्रेनसाठी स्लिप-रिंग मोटार यायची. तिच्या रोटरला बाहेरून रेझिस्टन्सचा मोठा डबा जोडायचा आणि जास्तीची ऊर्जा त्या डब्यात जाळायची. १८९१ मध्ये हॅरी वॉर्ड लिओनार्ड याने तर कमालच केली. एसी मोटारीने डीसी जनरेटर फिरवायचा, त्या जनरेटरच्या विजेवर डीसी मोटार चालवायची आणि जनरेटरचं फील्ड कमी-जास्त करून त्या मोटारीचा वेग बदलायचा. एक काम करायला तीन यंत्रं! पण वेगावर ताबा असा लोण्यासारखा की लिफ्ट, खाणी आणि रोलिंग मिल कित्येक दशकं या पद्धतीवर चालल्या.

बाकी बहुतेक ठिकाणी मात्र लोकांनी वेगाचा नादच सोडला. पंप पूर्ण वेगाने फिरू द्यायचा आणि पाणी जास्त होतंय म्हणून पुढचा व्हॉल्व्ह अर्धा बंद करायचा. पंखा पूर्ण वेगाने फिरू द्यायचा आणि हवेच्या वाटेत डँपरची झडप आडवी लावायची. कल्पना करा, एखादा पठ्ठ्या बाइकचा अ‍ॅक्सिलरेटर कायम फुल पिळून ठेवतो आणि वेग फक्त ब्रेकने सांभाळतो. रस्त्यावर असा कोणी दिसला तर आपण त्याला वेड्यात काढू. कारखान्यांमध्ये मात्र हे रोजचं होतं, आणि पुष्कळ ठिकाणी आजही आहे.

ठिपक्यांची रेष

सूत्रात बदलता येण्यासारखी गोष्ट एकच उरते, फ्रिक्वेन्सी. देशाची बदलता येत नाही, तर मग आपल्या मोटारीपुरती वेगळी बनवायची. हेच काम व्हीएफडी करतो. पूर्ण नाव व्हेरिएबल फ्रिक्वेन्सी ड्राइव्ह, कारखान्यात नुसतं ‘ड्राइव्ह’.

आत तीन टप्पे असतात. आधी बाहेरून आलेल्या एसीचं डीसी करायचं. ४१५ व्होल्ट थ्री-फेजमधून साधारण ५६० ते ५९० व्होल्ट डीसी मिळतं. मग कपॅसिटरमध्ये ते साठवून सपाट करायचं. आणि शेवटी सहा इलेक्ट्रॉनिक स्विच झपाझप चालू-बंद करून त्यातून पुन्हा एसी घडवायचं, पण या वेळी आपल्याला हव्या त्या फ्रिक्वेन्सीचं. २० हर्ट्झ, ३३ हर्ट्झ, ४७.५ हर्ट्झ, काहीही.

आता चालू-बंद करून साइन वेव्ह कशी तयार होईल, असं वाटेल. रांगोळी आठवा. जवळून ठिपके, लांबून रेष. स्विच सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद होतो. कधी जास्त वेळ चालू, कधी कमी. मोटारीचं वायंडिंग म्हणजे कॉइल. तिच्यातला करंट इतक्या पटकन वर-खाली होऊच शकत नाही. त्यामुळे ठिपके आपण देतो आणि करंटची रेष कॉइल स्वतः जोडून घेते. ड्राइव्हवरची मोटार बारीक शीळ घातल्यासारखी वाजते ना, तो आवाज या ठिपक्यांचा.

फ्रिक्वेन्सीबरोबर व्होल्टेजही त्याच प्रमाणात उतरवावं लागतं. ५० हर्ट्झला ४१५ व्होल्ट, तर २५ हर्ट्झला साधारण २०७. तसं केलं नाही तर आतलं लोखंड चुंबकत्वाने तुडुंब भरतं, मोटार नको तेवढा करंट घेते आणि तापते. पण हे गुणोत्तर सांभाळलं की टॉर्क जवळपास शाबूत राहतो. म्हणजे रेग्युलेटरला जे जमत नव्हतं ते इथे जमतं. वेग निम्मा, ताकद तेवढीच.

हे सगळं कागदावर खूप आधीपासून माहीत होतं. अडलं होतं ते स्विचवर. १९५७ मध्ये जनरल इलेक्ट्रिकमध्ये थायरिस्टर तयार झाला. तो चालू करणं सोपं, पण डीसीवर बंद करणं म्हणजे डोकेदुखी. ती डोकेदुखी ज्याने घालवली त्या आयजीबीटीमागे एक नाव आपल्या ओळखीचं असायला हवं. बी. जयंत बालिगा. मद्रासमध्ये जन्म, १९६९ मध्ये आयआयटी मद्रासमधून बीटेक, मग अमेरिकेत. जनरल इलेक्ट्रिकच्या संशोधन केंद्रात १९८० च्या सुमारास त्यांनी या स्विचवर काम सुरू केलं, आणि कंपनीला तो हवा होता तो मुख्यतः मोटारींचा वेग बदलणाऱ्या ड्राइव्हसाठीच. जपानमधल्या लोकांचाही या शोधात मोठा वाटा आहे. बालिगांना २०२४ चा मिलेनियम टेक्नॉलॉजी प्राइझ मिळाला. आपल्याकडे त्याची बातमी आतल्या पानावर छोटीशी आली असेल. क्रिकेटपटूंची पहिली अकरा नावं तोंडपाठ असलेल्या देशात हे नाव किती जणांना माहीत आहे, वर्गात विचारून बघा.

घरातला ‘इन्व्हर्टर एसी’ही याच कुळातला, बरं का. त्यातला इन्व्हर्टर म्हणजे लाइट गेल्यावर लागणारी बॅटरी नव्हे, तर कॉम्प्रेसरचा वेग बदलणारा छोटा ड्राइव्ह. दुकानात ‘लाइट गेल्यावर किती वेळ चालेल?’ असं विचारणारं कोणी ना कोणी घरात असतंच.

आणि मुंबईकरांनो, तुम्ही तर यात बसून कॉलेजला येता. १९२५ मध्ये मुंबईत विजेवरची पहिली गाडी धावली ती १५०० व्होल्ट डीसीवर, कारण त्या काळी डीसी मोटारीचाच वेग सहज बदलता यायचा. जुन्या लोकल सुटताना एकामागून एक हिसके द्यायच्या, ते रेझिस्टन्स टप्प्याटप्प्याने काढले जात असायचे म्हणून. २००७ पासून पांढऱ्या-जांभळ्या गाड्या आल्या त्या थ्री-फेज एसी मोटारींच्या. (इथे एसी म्हणजे गारवा नव्हे. तो बराच नंतर आला, आणि त्याचं तिकीटही वेगळं!) गाडी सुटताना जो चढत जाणारा सूर ऐकू येतो तो खालच्या इन्व्हर्टरचा. ब्रेक लावला की त्याच मोटारी जनरेटर होतात आणि वीज वरच्या तारेत परत पाठवतात.

गव्हाणीपासून पोत्यापर्यंत

पण ही सगळी मजा एकाच छपराखाली बघायची असेल तर साखर कारखान्यासारखी जागा नाही. सांगली, कोल्हापूर, नगर, सोलापूरकडच्यांना तो नवा नाही. गळीत हंगाम सुरू झाला की गव्हाणीत मोळी टाकतानाचे फोटो पेपरात येतात. त्या फोटोत न दिसणारी गोष्ट अशी की त्या गव्हाणीचा वेग हाच पुढच्या सगळ्या कारखान्याचा श्वास असतो.

ऊस काही पाण्यासारखा एकसारखा येत नाही. एका ट्रॉलीत जाड, दुसरीत बारीक, मध्येच रिकामी जागा. गव्हाण एकाच वेगाने चालवली तर मिलच्या तोंडाशी कधी चोंदतं, कधी रिकामं पडतं. चोंदलं की सगळं थांबवून माणसांनी आत उतरायचं आणि ऊस मोकळा करायचा. रिकामं पडलं की रोलर नुसतेच फिरतात आणि रस चिपाडात राहतो. पूर्वी अनेक कारखान्यांत यासाठी ‘डायनोड्राइव्ह’ असायचा. मोटार पूर्ण वेगाने फिरणार आणि पुढे चुंबकीय क्लच हवा तेवढा घसरणार. वेग मिळायचा, पण घसरण्यात गेलेली सगळी ऊर्जा उष्णता होऊन जायची. आता तिथे व्हीएफडी असतो. मिलच्या तोंडाशी उसाची पातळी किती आहे हे सेन्सर सांगतो आणि गव्हाण स्वतःहून हळू-जोरात होते.

पुढे मिलचे रोलर. ते मिनिटाला जेमतेम चार-पाच फेऱ्या मारतात! पण त्या चार-पाच फेऱ्यांमागची ताकद अफाट. आधी इथे वाफेच्या टर्बाइन होत्या, मग डीसी मोटारी आल्या, आता एसी मोटार, ड्राइव्ह आणि मधे गिअरबॉक्स. ऊस तंतुमय असेल, भार वाढला, तर वेग टिकवून टॉर्क वाढवायचा. इथे साधं व्होल्टेज-फ्रिक्वेन्सीचं गुणोत्तर पुरत नाही. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला सीमेन्समधल्या फेलिक्स ब्लाश्के यांनी मांडलेला व्हेक्टर कंट्रोल इथे कामाला येतो. मोटारीला जाणाऱ्या करंटचे गणिताने दोन भाग करायचे. एक चुंबकत्व तयार करणारा, दुसरा टॉर्क देणारा. दोन्ही वेगवेगळे हाताळायचे. मग एसी मोटार अगदी डीसीसारखी आज्ञाधारक होते. एमथ्रीच्या पेपरला मॅट्रिक्स ट्रान्सफॉर्मेशन करताना ‘याचा उपयोग काय?’ असं म्हणत असाल, तर हा घ्या उपयोग, उसाच्या चिपाडात.

सगळ्यात देखणं काम मात्र सेंट्रिफ्युगल मशीनचं. साखरेचे दाणे आणि मळी यांचं घट्ट मिश्रण जाळीच्या टोपलीत घ्यायचं आणि गरगर फिरवून मळी बाहेर फेकायची. कपडे वाळवणाऱ्या वॉशिंग मशीनसारखंच, फक्त आत टनभर माल. भरताना वेग कमी हवा, नाहीतर माल एका बाजूला जमतो आणि टोपली हेलकावे खाते. मग हजार फेऱ्यांच्या वर न्यायचं. मग जोरात ब्रेक आणि पन्नासेक फेऱ्यांवर आणून आतली साखर खरवडून काढायची. हे चक्र तासाला वीसेक वेळा, रात्रंदिवस, हंगामभर. ब्रेक लावताना त्या अवजड टोपलीतली ऊर्जा ड्राइव्ह वीज म्हणून परत देतो. एक मशीन थांबत असताना दुसरं वेग घेत असेल, तर याची वीज त्याला.

बॉयलरच्या पंख्यांवर डँपरऐवजी ड्राइव्ह बसला की तिथेही वीज वाचते. आणि इथे हिशोब अजून गंमतीचा होतो. बगॅस जाळून वीज तयार करणारे कारखाने आपली उरलेली वीज विकतात. म्हणजे कारखान्यात जे युनिट वाचलं, ते बाहेर विकता येतं.

घनाची जादू आणि तिची अट

वीज किती वाचते, हा प्रश्न सगळे विचारतात आणि ड्राइव्ह विकणारे सगळे त्याचं एकच उत्तर देतात. वेगाच्या घनाइतकी! पंप आणि पंख्यांच्या बाबतीत हे खरं आहे. प्रवाह वेगाच्या प्रमाणात, दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात, लागणारी शक्ती घनाच्या प्रमाणात. वेग ८० टक्के केला तर ०.८ चा घन म्हणजे ०.५१. पाणी ८० टक्के आणि वीज जवळपास निम्मी! जगातल्या एकूण विजेपैकी चाळीस टक्क्यांहून जास्त वीज मोटारींवर चालणाऱ्या यंत्रणा खातात असा आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेचा अंदाज आहे. तेव्हा ही निम्मी म्हणजे किती, याचा विचार करा.

छोट्या कारखान्याचं गणित मांडू. कूलिंगच्या पाण्याचा एक पंप, व्हॉल्व्ह अर्धवट बंद ठेवून १८ किलोवॉट खातोय असं धरा. व्हॉल्व्ह उघडून वेग कमी केला आणि ड्राइव्हचं स्वतःचं नुकसान धरूनही ११ किलोवॉटवर आला. सात किलोवॉट वाचले. दिवसाला १६ तास, वर्षाला ३०० दिवस, म्हणजे ३३,६०० युनिट. युनिटला आठ रुपये धरले तर अडीच लाखांच्या वर. वीस-पंचवीस माणसांच्या युनिटमध्ये हा एका कामगाराचा वर्षाचा पगार असू शकतो.

पण घाई नको. आता दुसरा पंप घ्या. पाणी ४५ मीटर उंच टेकडीवरच्या टाकीत चढवायचंय आणि पूर्ण वेगाला हा पंप जास्तीत जास्त ६० मीटरचा दाब देतो. कोणीतरी ‘घनाची जादू’ ऐकून वेग ८५ टक्के केला. दाब ०.८५ च्या वर्गाने उतरला आणि ४३ मीटर झाला. पाणी टाकीपर्यंत पोचणारच नाही! मोटार फिरतेय, मीटर फिरतोय, वर टाकी कोरडी. आणि कन्व्हेयर, क्रेन, काँप्रेसर यांना तर घनाचा नियम लागूच नाही. तिथे ड्राइव्ह लावायचा तो ताबा मिळवायला. वीज वाचली तर बोनस.

मला विचाराल तर सगळा मुद्दा इथेच आहे. ड्राइव्ह विकत मिळतो. कोणत्या यंत्राला कधी किती वेग हवाय, ही माहिती विकत मिळत नाही. त्यासाठी पंपाचा कर्व्ह वाचता यायला हवा, उसाचा भार कसा बदलतो ते उभं राहून बघायला हवं, ऑपरेटरशी बोलायला हवं. इलेक्ट्रिकलच्या मुलाला मोटार येते पण पंप येत नाही, मेकॅनिकलच्या मुलाला पंप येतो पण पॅनलचं दार उघडायची भीती वाटते. दोघांच्या मधली ही जागा बऱ्याच कारखान्यांत रिकामी असते आणि मग ड्राइव्ह बसवूनही सगळं पूर्वीसारखंच चालू राहतं.

भीतीचं म्हणाल तर थोडी असावीच. ड्राइव्ह बंद केला, डिस्प्ले विझला, तरी आतल्या कपॅसिटरमध्ये पाचशेच्या वर व्होल्ट काही मिनिटं टिकून असतात. झाकणावर किती वेळ थांबायचं ते लिहिलेलं असतं. तेवढं थांबायचं आणि मग मीटर लावून खात्री करायची. ‘लाइट गेलीय ना, मग काय होतंय’ म्हणणाऱ्याच्या शेजारी उभं राहू नका.

बाकी कुरबुरीही आहेत. मोटारीला थंड ठेवणारा पंखा तिच्याच शाफ्टवर असतो. दहा हर्ट्झवर पूर्ण भाराने चालवली तर पंखा नावापुरता फिरतो आणि मोटार तापते. तिथे वेगळा पंखा लावावा लागतो. त्या झपाझप ठिपक्यांमुळे शाफ्टमधून बारीक करंट बेअरिंगमध्ये शिरतो आणि काही महिन्यांत आतल्या कड्यावर कपडे धुवायच्या फळीसारख्या रेषा उमटतात. केबल फार लांब असेल तर मोटारीच्या टोकाशी व्होल्टेज उसळतं. लाइनमध्ये हार्मोनिक्स जातात ते वेगळंच. यातल्या प्रत्येकावर उपाय आहे, फक्त तो ऑर्डर देताना आठवायला हवा.

आणि एक नेहमीचं दृश्य. ड्राइव्ह थांबताना ‘ओव्हरव्होल्टेज’ दाखवून ट्रिप होतो. ऑपरेटर रिसेट दाबतो. पुन्हा ट्रिप, पुन्हा रिसेट. वर्षभर असंच. खरं तर मोटार स्वतःला थांबवण्याच्या नादात जनरेटर झालेली असते आणि वीज ड्राइव्हमध्ये परत ढकलत असते. एकतर थांबायचा वेळ पाच सेकंदांवरून पंधरा करायचा, नाहीतर ब्रेकिंग रेझिस्टर लावायचा. ज्याला हे कळतं तो मेंटेनन्समध्ये लगेच ओळखला जातो, मग तो आयटीआयचा असो की इंजिनिअरिंगचा.

शिकायला फार काही लागत नाही. अर्ध्या हॉर्सपॉवरची जुनी मोटार आणि एक छोटा ड्राइव्ह, एवढ्यावर लॅबमध्ये सुरुवात होते. नेमप्लेटचे आकडे भरा, वेग घ्यायचा-सोडायचा वेळ बदलून बघा, ट्रिप मुद्दाम घडवा, सरांच्या समोरच. शेतीकडचे असाल तर घरचा सौर कृषिपंप बघा. मोटार एसी असेल तर त्याच्या कंट्रोलरमध्येही हाच इन्व्हर्टर असतो. पॅनलमधून डीसी थेट येतं, म्हणून पहिला टप्पा गाळलेला. ढग आला की तो फ्रिक्वेन्सी उतरवतो. पाण्याची धार बारीक होते, पण पंप बंद पडत नाही.

आणि पुढच्या इंडस्ट्रियल व्हिजिटला सेल्फी झाले की पंपहाउसमध्ये जाऊन या. ड्राइव्हच्या डिस्प्लेवर ५०.०० दिसत असेल आणि शेजारचा व्हॉल्व्ह अर्धा बंद असेल, तर तिथल्या साहेबांना अदबीने विचारा, ‘सर, हा व्हॉल्व्ह पूर्ण उघडून कधी बघितलाय का?’